माघारी आलेलं चाक

मधल्या बोटाचं पेर आऱ्यावर मारायचं, कान जवळ न्यायचा आणि मग पुढच्या आऱ्याकडे सरकायचं. चाकाचे सगळे आरे एकाच आवाजात वाजले की मान वर करून म्हणायचं, "आपलं चाक माघारी येत न्हाई." गिऱ्हाईक समोर असो नसो, मिस्त्री हे म्हणायचेच. कोणी नसलं तर माझ्याकडे बघून म्हणायचे. मी बॅटरीत पाणी भरता भरता मान डोलवायचो.

राहात्यात माझं बॅटऱ्यांचं दुकान त्यांच्या सुतारशेडला लागूनच आहे. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य मला ऐकू आलं म्हणा ना. उसाच्या गाड्यांना रबरी टायर लागले आणि लाकडी चाकं कोणी करून घेईना, तेव्हापासून मिस्त्री दाराच्या चौकटी करून पोट भरत होते. चौकटी ते चांगल्या करायचे, पण शिव्या देत करायचे. "ह्याला काय अक्कल लागती व्हय? चार फळ्या, झालं!" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे. असा सुतार तुमच्याही गावात असेल, आणि तुम्हीही त्याला टाळूनच दुसऱ्याकडे गेला असाल.

चाकाला गिऱ्हाईक अजिबात नव्हतं असंही नाही. शिर्डीच्या रस्त्याला हॉटेलं वाढली, तशी एकेक मंडळी गाडी थांबवून चौकशी करायला लागली.

"मिस्त्री, एक चाक पाहिजे होतं. हॉटेलच्या भिंतीला लावायला."

"भिंत कुटं चाललीय?"

"नाही हो, शोपीस."

"मंग प्लायवूडचं कापून घ्या. चाक पळायला असतंय."

आतून काकू ओरडायच्या, "दारात आलेलं मानूस असं हाकलत्यात व्हय?" मिस्त्री रंधा जोरात ओढायचे, म्हणजे काकूंचं बोलणं ऐकू येऊ नये.

आणि मग ती मोटार आली. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या मालकाने कुठल्याशा जुन्या घराण्याकडून ती विकत घेतली होती. उघड्या टपाची, पितळी दिव्यांची, आणि चाकांना चक्क लाकडी आरे. ते आरे वाळवीने खाल्ले होते. मालक स्वतः मिस्त्रींना हॉटेलवर घेऊन गेला, मीही बरोबर गेलो. मिस्त्रींनी एका आऱ्यावर अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला. त्यांनी हात झटकला आणि पहिला प्रश्न विचारला, "चालनार ना ही?"

"म्हणजे काय मिस्त्री! मोटार आहे, चालणार नाही तर काय करणार?"

मालक हसला आणि मिस्त्रीही हसले. मिस्त्रींना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्यांच्या माळ्यावर बाभळीचे ओंडके होते. त्यांच्या वडिलांनी एका चांगल्या बैलगाडीसाठी म्हणून ते मुरत ठेवले होते. ती गाडी करून घ्यायला कोणी आलंच नाही. मिस्त्रींनी ते ओंडके खाली उतरवले. जुन्या चाकांच्या लोखंडी कड्या आणि मधले तुंबे, ज्यात आरे रोवतात, तेवढे ठेवले, बाकी सगळं नवं. काही महिने पत्र्यापलीकडून शिवी ऐकू आली नाही. नुसता लाकूड तासणारा वाकस आणि रंधा. एक आरा मनासारखा होईना म्हणून त्यांनी तो चुलीत घातला आणि काकूंना म्हणाले, "च्या ठेव त्याच्यावर." एवढ्या आनंदात ते होते.

हॉटेलचा मॅनेजर बघायला आला. "मिस्त्री, सांध्यात भरपूर गोंद घाला बरं का," म्हणाला.

"गोंद कागदाला लावत्यात," मिस्त्री म्हणाले. "चालून चालून आरे आवळत्यात. चाक उभं ठिवलं तरच सुटतंय."

आता बघा, हे त्यांना ठाऊक होतं. तरी चार चाकं लावून कोणी मोटार उभीच ठेवील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. मालकाने शब्द दिला होता. आणि शब्द नसता दिला तरी आलं नसतं.

मोटारीच्या उद्घाटनाला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. मिस्त्रींनी धुतलेली टोपी घातली होती. मोटार काचेच्या हॉलमध्ये उभी होती. एसी चालू, भोवती लाल दोरी. मिस्त्रींनी दोरीवरून वाकून आरे वाजवले, समाधानाने मान हलवली आणि मॅनेजरला विचारलं, "कवा काढनार भाईर?"

"बाहेर? अहो, इंजिनच काढून टाकलंय. बॉनेटमध्ये फुलांच्या कुंड्या ठेवणार आहोत."

मिस्त्री न जेवता निघाले. घराजवळ उतरताना म्हणाले, "महिन्यातून एकदा तरी ढकला, पानी शिंपडा, एवढं सांगायला पायजे हुतं." दुसऱ्या दिवशी ते सांगायला चालत गेले. वॉचमनने त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं.

उन्हाळ्यात तिथे एक लग्न झालं. नवरानवरीला मोटारीत बसवून फोटो काढायचे म्हणून पोरांनी ती ढकलत बाहेर काढली. एसीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं होतं. पायरीवरच पुढच्या चाकाचे आरे निखळले आणि मोटार एका अंगावर बसली. कोणाला काही लागलं नाही. पण व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला आणि मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटला, "राहात्याच्या मिस्त्रीने कच्चं लाकूड घातलं."

कच्चं लाकूड! बापाने मुरवलेली बाभूळ होती ती. मला अजून त्या माणसाचा राग येतो.

दोन दिवसांनी टेम्पो आला आणि चारी चाकं शेडसमोर टाकून गेला. मिस्त्रींनी ती एकेक करून भिंतीला टेकवली. चहाच्या टपरीवर एकाला राहवलं नाही. "काय मिस्त्री, चाक माघारी आलं जनू?" सगळे हसले. मिस्त्री अर्धा चहा ठेवून उठले. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

त्यांनी चारी चाकं पुन्हा आवळली आणि हॉटेलला निरोप पाठवला. तोपर्यंत तिकडे पुण्याहून फायबरची चाकं बसली होती, लाकडाच्या रंगाची.

मग मिस्त्रींनी नवीनच काम काढलं. रोज सकाळी त्यातलं एक चाक घ्यायचं आणि हाताने ढकलत कालव्यापर्यंत न्यायचं. तिथे त्याला पाणी दाखवायचं आणि परत आणायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं. लोक विचारायचे, "मिस्त्री, मोटार कुठंय?"

"मागून येतीय," ते म्हणायचे आणि पुढे जायचे.

एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, कशाला दमता? कोण नेणार आहे आता ती चाकं?"

"कोन न्हेत न्हाई म्हनून मरू द्यायची का?" ते म्हणाले. पुढे त्यांना दम लागायला लागला. कालवा सुटला, मग शेडभोवती एक फेरी, मग तीही सुटली. पावसाळा संपता संपता ते गेले.

मुलगा चाकणला कंपनीत. दहाव्या-तेराव्याला आला आणि शेड रिकामी करून गेला. चाकांचं काय केलंस विचारलं, तर म्हणाला, "काका, भंगारात घालण्यापेक्षा एका पार्टीला दिली." मी पार्टी कोण ते विचारलं नाही.

परवा भाच्याच्या साखरपुड्याला त्याच हॉटेलात जावं लागलं. हिरवळीच्या कडेच्या भिंतीवर चारी चाकं ओळीने ठोकली होती. लाल-पिवळा ऑइलपेंट, आऱ्यांमधून बल्बांच्या माळा, वर 'आपली ग्रामीण संस्कृती' अशी पाटी. लाकडातून मोठाले स्क्रू आरपार भिंतीत गेले होते. मॅनेजर तोच होता.

हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते आणि भिंत चाकांसकट ओली होती. मी जवळ गेलो, बोटाचं पेर मारलं आणि कान लावला. दुसऱ्या आऱ्यावर मारलं. तिसऱ्यावर मारलं. सगळे एकाच आवाजात वाजले.

मागून वेटर धावत आला. "काका, हात नका लावू," म्हणाला, "शोपीस आहे ते."