हाफ तिकिटात बघितलेला नवरदेव

मंडळी, आज आमच्या घरात नवलच झालं. दिराच्या मुलीसाठी वालूरला पोरगा बघायला आमी चौघी बायकाच गेलो. एसटीत बायकांना हाफ तिकीट, म्हणून दीरच म्हणाले, "तुमीच जाऊन या, स्वस्तात होईल."

तिथं आमी नळ बघितला, न्हाणी बघितली, ओटा बघितला. सासूबाईंनी तर पोरालाच चहा करायला लावला. लाजला बिचारा, पण आलं ठेचून घातलं त्यानं.

घरी आल्याबरोबर दिरांनी विचारलं, "शेती किती हाय?"

आमी एकमेकींकडं बघायला लागलो. ते कुणी विचारलंच नव्हतं.

सासूबाई म्हणल्या, "ते तू फुल तिकीट काढून विचारून ये. आमाला पोरगं पसंत हाय."

पुतणी आतल्या खोलीत अजून हसायलीय. तुमच्याकडं स्थळ बघायला कोण जातं?