सात नावं आणि एक मालकीण

यूला लेंडोर कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटाच्या सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं झाडलोट करत होती. शाळा तिची चौथीतच सुटली, पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते ग्रंथपालाच्या आधी तिला ठाऊक असे. एक ऑगस्टला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, ग्रंथालयाच्या अंगणात नावं वाचायची चाल तिनेच पाडली. जुन्या गुलामनोंदींच्या नकला काढून एकेका घराने आपल्या माणसांची यादी वाचायची. यादीच्या डोक्यावर मालकाचं नाव असतं. ते उच्चारलं की सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि पहिल्या गुलामाच्या नावाला पुन्हा तोंड वळवायचं. हा नियमही यूलाचाच.

तिच्या स्वतःच्या घराची यादी मात्र कधी सापडली नव्हती. म्हणून यादीऐवजी ती आपल्या कुळातल्या ज्यूडिथची गोष्ट सांगे. ज्यूडिथने शिवणकाम करून पैसे साठवले आणि मालकाकडून स्वतःला सोडवून घेतलं. ढोलवाला अल्फ्रिक दरवर्षी म्हणायचा, "यूलामावशी, ज्यूडिथ सुटली, आता आम्हालाही जेवायला सोडा." सगळे हसायचे, यूला सर्वांत जास्त.

दोन हजार एकोणीसच्या जुलैत नव्या नकला आल्या. माझ्या रोजनिशीच्या वहीत नऊ तारीख आहे, मंगळवार. दुपारी यूला नेहमीसारखी चहाला माझ्या ओट्यावर आली आणि एक कागद पुढे करून म्हणाली, वाचून दाखव. तिने तो आधीच वाचला होता, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

मालकीण, ज्यूडिथ लेंडोर, स्वतंत्र स्त्री. खाली सात गुलामांची नावं. शेवटचं, फीबी, वय नऊ. त्यापुढे वेगळ्या शाईत, विकली.

फीबी आमची. टेकडीपलीकडच्या मळ्यात एका शिंपिणीने एकटी विकलेली पोर, तिच्यापासून आमचं घर सुरू झालं, एवढं आजीने मला सांगितलं होतं. यूलालाही ते मीच कधीतरी सांगितलं होतं. शिंपिणीचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

ग्रंथपाल रेनविकने यूलाची समजूत घातली होती. मोकळी झालेली माणसं कधीकधी आपल्याच नात्यातल्यांना वाचवायला विकत घेत, ज्यूडिथचंही तसंच असेल, असं तो म्हणाला होता.

"वाचवलेलं पोर कोणी विकतं का, मर्ल?" यूलाने मला विचारलं. मी कागद तिला परत दिला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे पान राहू देऊ का बाजूला? रेनविक कुणाला बोलायचा नाही."

तुझं तू ठरव, असं मी म्हटलं. त्या दिवशी वहीत मी फक्त ऊन आणि वारा लिहिला आहे. पुढे तीन आठवडे ती चहाला आली नाही.

एक ऑगस्टला ती पांढरे कपडे घालून उभी राहिली. तिने ज्यूडिथचं नाव घेतलं, मालकीण म्हणून. सवयीने सगळ्यांनी पाठ फिरवली. मग नाव डोक्यात शिरलं तशी माणसं घुटमळली, काही यूलाच्या मायेपोटी पुन्हा वळू लागली.

"आहात तसेच राहा," यूला म्हणाली. "नियम माझा आहे."

तिने सातही नावं वाचली. 'विकली' हा शब्दही गाळला नाही. पहिल्या नावाला सगळे वळले होते. मी एकटीच वळले नाही.

मग अल्फ्रिकने क्षमेचा ठेका धरला. या ठेक्याला घरातल्या सगळ्यांनी रिंगणात गुडघे टेकून मेलेल्यांकडे क्षमा मागायची असते. यूलाचा मुलगा क्लिव्हन भिंतीला टेकून उभा होता. आईने घराचं नाव मातीत घातलं म्हणून तो सकाळपासून धुमसत होता. तो जागचा हलला नाही. ती एकटीच टेकली, हे मला मागून आलेल्या धापेवरून कळलं.

"मर्ल," ती म्हणाली, "फीबीच्या वतीने तू बोल."

ढोल थांबला.

"मला नाही बोलता येणार, यूला," मी म्हणाले. "ती नऊ वर्षांची होती."

यूलाचे गुडघे दुखरे आहेत, उठताना तिला हात लागतो. साठ वर्षं आम्ही चर्चमध्ये शेजारी बसतो, तिथे तो मीच देत आले. त्या दिवशी अल्फ्रिकने दिला.