दादाची वाचनखूण

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मी एकदा लिहिलेले पत्र वाचले होते की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. कळण्याचा एक मार्ग शिल्लक होता. तो मीच, अगदी नियमाला धरून, बंद केला. साठी उलटल्यावर लिहायला बसले आहे. लिहिण्याची सवय नाही, चुकल्यास सांभाळून घ्यावे.

इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वीची ही गोष्ट. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत दादा एक बुलेटिन बोर्ड चालवत असे. एक संगणक, एक मोडेम आणि घरातला एकुलता एक फोन. संध्याकाळी सातनंतर फोनची तार मोडेमला जोडली जाई. मग कुणी भोसरीहून, कुणी पुण्याहून आपल्या संगणकावरून तो नंबर लावी, इतरांनी ठेवलेली पत्रे वाची आणि आपले ठेवून जाई. एका वेळी एकालाच येता येई, त्यामुळे मावशीचा फोन कधी लागत नसे आणि त्याबद्दल आईची बोलणी दादा निमूट ऐकून घेई.

दिवसा तो पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत पर्मनंट होता. ती नोकरी सोडून संगणक दुरुस्तीचे दुकान काढायचे त्याने ठरवले, तेव्हा ते सर्वांत आधी मला सांगितले. अण्णांना मीच सांगेन, तू फक्त माझ्या बाजूने राहा, एवढेच त्याचे मागणे होते. महिनाभराने त्याने जेवताना विषय काढला. आमच्या भागात पर्मनंट होण्यासाठी माणसे निम्मे आयुष्य कंत्राटी कामगार म्हणून घालवतात. मिळालेली कायमची नोकरी कुणी आपण होऊन परत करतो, हे आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, कल्पनेतही बसणारे नव्हते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुला ठाऊक होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

दादाने मान वर केली नाही. पानातला भात संपवला, ताट मोरीत ठेवले आणि तो आतल्या खोलीत गेला.

चार दिवसांनी, तो बाहेर गेलेला असताना, त्याच्याच संगणकावर बसून मी त्याला खाजगी पत्र लिहिले. मला ठाऊक होते, मी खोटे बोलले, भीती वाटली, असे त्यात होते. तोंडाने तेवढेही म्हणण्याची माझी ताकद नव्हती. मात्र त्याच आठवड्यात त्याने बोर्डाचा पत्रांचा प्रोग्राम बदलायला घेतला होता, हे मला नंतर समजले. जुना प्रोग्राम पत्रे एका ठेवणीत, म्हणजे फॉरमॅटमध्ये, साठवी, नवा दुसऱ्या. एकाची ठेवण दुसऱ्याला वाचता येत नसे. मला जुनाच चालवता येत होता. दादा पुन्हा उघडणार की नाही याचा भरवसा नसलेल्या कपाटात मी पत्र ठेवून आले होते. जुनी पत्रे हलवताना ते त्याच्या दृष्टीस पडले असेलही. त्याने विषय काढला नाही, मीही विचारले नाही. पुढे दुकानासाठी फोन लागू लागला आणि बोर्ड बंद झाला.

त्यानंतरची सारी वर्षे दादा माझ्याशी चांगलाच वागला. एकही भाऊबीज त्याने चुकवली नाही. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दुकान बंद ठेवून तो दिवसभर बाकावर बसून राहिला. पण कोणतीही गोष्ट त्याने मला आधी अशी सांगितली नाही. वाकडचा फ्लॅट मला वास्तुशांतीच्या पत्रिकेतून कळला. आजारपण वहिनीकडून कळले, तेव्हा फारसे काही करण्यासारखे उरले नव्हते. पत्र वाचूनही तो गप्प राहिला होता, की मला कधी वाईटच वाटले नाही असे समजून गेला? मला एवढेच जाणून घ्यायचे होते.

त्याच्या वर्षश्राद्धानंतर माळा आवरताना वहिनीने तो जुना संगणक मला दाखवला. बोर्डावरचे एक सभासद अजून भोसरीत वर्कशॉप चालवतात. दादाच्या दिवसांना ते आले होते. त्यांनी डिस्क काढून त्यातले सगळे माझ्या लॅपटॉपवर उतरवले आणि जुन्या ठेवणीतली पत्रे आजच्या प्रोग्रामच्या ठेवणीत ओतण्याचे साधनही दिले. "पत्रं येत्यात सगळी," ते म्हणाले. "कुणाचं उत्तर कुणाला, ती साखळी जरा तुटती. तुमाला नेमकं काय बघायचंय, ताई?"

"काही विशेष नाही. आठवण म्हणून," मी म्हणाले.

पत्रे आली. यादीत माझेही आले. डिस्क मी वहिनीला परत केली. पुढे ती बाकीच्या सामानाबरोबर भंगारात गेली.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअरच्या कागदपत्रांवर बावीस वर्षे काढली. तिथे फाइव्ह एस नावाची शिस्त होती. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही, तिला लाल टॅग लावायचा. ती महिनाभर वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची, आणि कुणी मागितली नाही तर बाहेर काढायची. जुन्या ठेवणीत एकाच नावाच्या, शेवटची अक्षरे तेवढी वेगळी असलेल्या, तीन फाइली होत्या. दोन मोठ्या, त्या कामी आल्या होत्या. तिसरी अगदी लहान. ओतण्याच्या साधनाने तिला हातही लावला नव्हता आणि उघडली तर नुसती चिन्हे दिसत. मी 'लाल टॅग' नावाचे फोल्डर करून ती त्यात ठेवली. महिना भरला. कुणी मागितली नाही. तारीख पाहून मी ती पुसली आणि कचरापेटीही रिकामी केली.

त्यानंतर आठवड्याभराने धीर करून मी भोसरीला गेले. एखादे पत्र कुणी वाचले होते का, हे समजते का, असे विचारले.

त्यांनी लेथ बंद केले. "व्हय, समजतं की. कोण कुठल्या नंबरापतोर वाचून गेलंय, त्याची खूण तिसऱ्या फाइलीत असती. बारकी फाइल. नव्या ठेवणीत तिची मांडणी येगळी, म्हणून ती ओतून येत न्हाई. आणा, दोन मिनिटांत सांगतो."

ती मी पुसून टाकल्याचे सांगितले. लाल टॅगचे फलक त्यांच्या भिंतीवरही होते. ते हसले नाहीत. लॅपटॉप मागवून घेऊन त्यांनी दुपारभर खटपट केली, पण फाइल परत आली नाही. तुमच्याकडे प्रत असेल का, असे मी विचारले.

"दुसऱ्याच्या घरची पत्रं, ताई. म्या कशी ठेवू?" मग हात पुसत, हळू आवाजात, "पयल्याच दिशी सांगायचं व्हतं."

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले होते.

जुन्या खुणा ओतून आल्याच नसल्यामुळे नवा प्रोग्राम सगळीच पत्रे न वाचलेली समजतो आणि ठळक अक्षरांत दाखवतो. मी रोज थोडी वाचते. मोडेमच्या तक्रारी, कुणाच्या मुलीच्या बारशाचे आमंत्रण, दादाची लांबलचक, समजुतीची उत्तरे. वाचले की अक्षरे फिकी होतात. आता यादीत एकच ठळक ओळ उरली आहे. त्यातला मजकूर मला पाठ आहे. माझे ते पत्र उघडले तर वाचल्याची खूण पडेल, आणि ती माझी असेल. मी तिथपर्यंत जाते आणि लॅपटॉप मिटते.