लाखेचा ठसा आणि कोरडी टाकी

मी बी.एस्सी. आहे. मिठागरात राबलेल्या आमच्या घरातला पहिलाच, म्हणून मुद्दाम सांगतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला संशय यायचा तो माणसांचाच...

नौपाड्यात घरामागे दादांचा – माझ्या वडिलांचा – ट्रक उभा असे. विठ्ठलवाडीजवळच्या लष्करी छावणीतला, लिलावात घेतलेला. त्याचं स्टिअरिंग तेलाच्या दाबावर फिरायचं. तेल कमी झालं की पंप रडू लागायचा आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी चालवायचा माझा सख्खा मामा. कल्याणच्या भट्टीवरून विटा आणायचा.

दर दोन दिवसांनी स्टिअरिंगच्या तेलाची टाकी रिकामी! मी सगळ्या नळ्या पुसल्या, जोडांवर खडूची पूड लावली – गळत असेल तर डाग पडेल. खाली वर्तमानपत्रं पसरली. पूड पांढरीच, कागद कोरडे. मी दादांना म्हटलं, "मामा तेल विकतो."

"पुरावा आण. नुसत्या संशयावर मी मेहुण्याला काढणार नाही."

त्या संध्याकाळी टाकी मी स्वतः काठोकाठ भरली. झाकणाला दोरा गुंडाळून वर लाख ओतली आणि माझ्या अंगठीचा ठसा उमटवला.

सकाळी मामाने ते पाहिलं. "काय रे भाच्या, ही लाख गाडीला लावलीस का मला?"

दादा जमिनीकडे बघत राहिले.

"आता फोड. माझ्यासमोर फोड," मामा म्हणाला.

ठसा जसाच्या तसा होता. लाख फोडली, झाकण काढलं, आत बोट फिरवलं... ओशटपणासुद्धा नाही. खालचे कागद स्वच्छ.

"चालू करू नकोस मामा, पंप जळेल!" त्याने ऐकलं नाही. इंजिन सुरू करून एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. उभ्या गाडीची पुढची चाकं मातीत करकरत वळली. पंपाचा आवाज नाही. मामाने बोट काढून घेतलं... स्टिअरिंग अजून अर्धा फेरा फिरलं. आपणहून.

मामा खाली उतरला, किल्ली दादांच्या हातात दिली. मला म्हणाला, "गाडीचं काय ते तुझं कॉलेज सांगेल. मी चोर नाय, एवढं बघितलंस ना?"

तो त्या गाडीत पुन्हा बसला नाही. दादांनी ती भंगारात दिली. माझ्या जुन्या प्रोफेसरांना विचारलं, तर म्हणाले, तू नीट बघितलं नसशील. मी नीटच बघितलं होतं. अंगठी रात्रभर माझ्याच बोटात होती. तेल कुठे गेलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मामा अधूनमधून स्टेशनजवळ भेटतो. "काय साहेब, बरं आहे ना?" म्हणतो. भाच्या म्हणत नाही.