घंटेवर कान ठेवणारा डेप्युटी

सकाळी माझी पूजा चालू असताना दारासमोर पोलिसांची गाडी थांबे, काच खाली होई आणि टोपीखालचा एक भला मोठा कान देवघराच्या खिडकीकडे वळे. घंटा वाजली की हॉर्नचा हलकासा आवाज करून गाडी पुढे जाई. हिवाळ्यात खिडक्या बंद असत; तेव्हा हा गृहस्थ बर्फ तुडवीत पायरीपर्यंत येई. इतक्या नेमाने माझ्या पूजेला हजर राहणारा दुसरा भाविक मला लाभला नाही. देवाशी मात्र त्याला काहीही कर्तव्य नव्हते.

त्याचे नाव वॉल्ट. नवे शतक नुकतेच उजाडले होते. नेपरव्हिल शहरापासून बरेच पश्चिमेला, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका अमेरिकन कौंटीत तो शेरीफचा डेप्युटी, म्हणजे गस्तीचा पोलीस होता. आमचे चिरंजीव तिथल्या लहानशा रुग्णालयात डॉक्टर. दिवसभर घरी आम्ही दोघे वृद्ध, आणि हाकेच्या अंतरावर कोणी नाही. आम्ही येण्यापूर्वी एक म्हातारा शेतकरी घरात पडला आणि कुणाला कळलेच नाही. तेव्हापासून वॉल्टने प्रत्येक वृद्धाची एक खूण ठरवली होती: कुणाचा उघडा पडदा, कुणाचा रेडिओ, आमची घंटा.

"प्रोफेसर, मंत्र तुमच्या देवासाठी," तो म्हणे, "घंटा माझ्यासाठी."

एरवी त्याचा दिवस रस्त्यावर आलेली गुरे हाकण्यात जाई. "चोर पकडलात का कधी?" मी मुद्दाम विचारी. "चोर कुंपण मोडून मक्यात शिरत नाहीत, प्रोफेसर. गाई शिरतात!" माझ्या पत्नीने त्याचे नाव गोपाळराव ठेवले, आणि तोही त्या हाकेला ओ देऊ लागला.

एके सकाळी पुण्याहून फोन आला. माझा धाकटा भाऊ गेला होता. सुतकात पूजा नाही, म्हणून घंटाही नाही. पत्नी आतल्या खोलीत रडत होती आणि मी अंगावरच्या वस्त्रांनिशी स्नान करीत होतो. एवढ्यात प्रचंड आवाज झाला. धोतरातून पाणी निथळत मी बाहेर आलो, तो दार आडवे पडलेले आणि त्यावर गोपाळराव उभे!

"टबात पडलात?"

"नाही. भाऊ गेला माझा. अशा वेळी आम्ही घंटा वाजवीत नाही."

त्याने टोपी काढली. पायाखालच्या दाराकडे पाहून म्हणाला, "हे आधी सांगायला हवं होतं, प्रोफेसर."

मग तो खुर्चीवर बसला, भावाविषयी विचारीत राहिला, आणि दोन कप चहा प्याला. सुतकाच्या घरी परक्याने पाणीही घेऊ नये, हे त्याला कोण सांगणार? त्या परमुलखात आमच्या दुःखाला बसायला आलेला तो एकटाच. दुपारी करवत घेऊन आला आणि दार स्वतः बसवून गेला. ते अजून जरा तिरपेच लागते.

काही वर्षांनी आजारपणामुळे त्याने नोकरी सोडली, आणि एका पहाटे तो गेल्याचे चिरंजीवांनी रुग्णालयातून कळविले. शास्त्राप्रमाणे त्याचे सुतक आम्हाला नव्हते. मी पूजेला बसलो, हात घंटेपर्यंत नेला आणि मागे घेतला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. त्याच्या जागी आलेली डेप्युटी, एक उंच बाई, पायरीवर उभी होती.

"सर, ठीक आहात ना? घंटा ऐकू आली नाही. वॉल्ट सांगून ठेवायचा, घंटा नसेल तर सरळ दार तोड." तिने तिरप्या दाराकडे पाहिले. "मी म्हटलं, आधी वाजवून बघावं."

पत्नीने डोळे पुसत चहाचे आधण ठेवले. मी गोपाळरावांची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.