गप्प बसल्याचा होकार

बोरी अरबमध्ये गौहरखालाच्या स्कूटीमागं बसायला कोणी धजत नसे. गाडी ती झकास चालवायची, पण तिचं काम तसं होतं. आसपासच्या पंधरा-वीस गावांत मुसलमानाच्या घरची बाई वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला, म्हणजे गुसल द्यायला, खालालाच बोलावणं येई. आधी कुठला हात, मग कुठली कूस, कापराचं पाणी केव्हा, कफनाचा कुठला कपडा कशावर, हे सगळं तिला मुखोद्गत. या कामाचा तिनं कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. पोट शिलाई मशीनवर भरायचं, आणि हे देवाच्या दारचं. बोलावणं आलं की पायाखालचं मशीन थांबायचं, डिकीत कापूर आणि बोरीचा पाला असायचाच, आणि खाला निघायची. माती लवकर द्यावी, मय्यत ताटकळत ठेवू नये, असा तिचा हट्ट.

तिच्या बहिणीचा मुलगा रिजवान बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करी. एका दुपारी तो तिच्या दारात हसतच आला.

"खाला, तिबल सीटचं चालान आलं तुमच्या गाडीवर!"

"तिबल?" खालाच्या हातातली टाचणी तशीच राहिली. "अरे, माझ्यामागं एक बसत नाही, तं हे दोन कुठून आणले? मय्यत घालून नेऊन राह्यली का मी मागं?"

"फोटो मोटारसायकलचा आहे. तीन पोट्टे बसले. पण नंबर तुमचाच म्हणते. आणा मोबाइल, तक्रार टाकून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"कायले? दुसऱ्याच्या कुत्र्याले कोणी आवाज दिला, तं मी ओ कायले देऊ?"

"अवो, पण सरकार..."

"जे मी केलं नाही, त्याचा जवाब मी देत नाही. जाय, आपलं काम कर."

त्यानंतर मेसेज येत राहिले. खाला वाचायची आणि पुसून टाकायची. रिजवाननं आणखी दोनदा विषय काढला, दोनदा शिव्या खाल्ल्या, आणि मग त्यानंही नाद सोडला.

कापूस वेचणीला आला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी नऊला लाडखेडहून कहकशांचा फोन आला. तिची सासू पहाटे गेली होती. खाला निघाली. गावाबाहेर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. हातातल्या मशीनवर नंबर दाबून शिपाई म्हणाला, "बाई, चालान बाकी आहे. मुदत कधीच संपली. भरा, नाहीतर गाडी जमा होईल."

"साहेब, मय्यत थांबून आहे. ते चालान माझं नाही."

"मग तेव्हा काहून नाही सांगितलं? आता भरा अन् जा, तुमचाच टाइम वाचते."

पर्समध्ये पैसे होते. दंडापुरते होते, वर उरलेही असते. खालानं पर्सला हात लावला नाही. डिकीतली पिशवी काढली, किल्ली शिपायाच्या हातावर ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

तीन तास काही मिळालं नाही. शेवटी गावातल्या मारोतरावांचा कापसाचा ट्रॅक्टर आला. खाला त्या गाठोड्यांवर बसून लाडखेडला पोचली, तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती. अंगणात बाया बसून होत्या. पाणी दोनदा तापवून दोनदा निवलं होतं. पद्धत कोणाला नीट ठाऊक नव्हती, म्हणून कोणी हात लावला नव्हता.

कहकशां एवढंच म्हणाली, "अम्मी सकाळपासून तशाच पडून आहेत, खाला."

खालानं बाह्या सारल्या आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी ती रिजवानला घेऊन चौकीत गेली. टेबलामागं धर्मपाल नावाचा तरुण हवालदार होता. बोलायला मऊ, पण कायद्याला पक्का.

"मावशी, चालान आलं तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाही. मुदतीत उत्तर नाही आलं, तं तुम्हाले मान्य आहे असं धरतात. नियमच आहे."

"म्हणजे मी गप्प बसली, तं हो झालं?"

"हो."

खाला खुर्चीवरून उठली. रिजवाननं कपाळाला हात लावला.

"बेटा, माझा निकाह झाला तवा मी एकोणीस वर्षांची होती. वकील अन् गवाह पडद्याबाहेर येऊन बसले. तीनदा विचारलं, कबूल आहे का. मले मास्तरीण व्हाचं होतं. सांगू का नको, सांगू का नको, यातच मी गप्प राह्यली. अन् फूफी आतून वरडली, पोरगी लाजली, हो म्हणते! बाहेर छुहारे-खारका वाटून मोकळे. युनूसमियां माणूस हिऱ्यासारखा निघाला, अल्ला त्याले जन्नत देवो. पण मले विचारलं कोणी? खामोशीचा होकार नवरीले लागू असन. मी बावन्न वर्षांची रांड बाई आहे. मले नाही चालत."

धर्मपाल हसावं की नाही या पेचात पडला. "पण मावशी, यावेळी तं तुम्हाले बोलता येत होतं ना? पाच महिने होते."

हा घाव बरोबर बसला. खाला परत खुर्चीत बसली. मग म्हणाली, "हो. ते चुकलं माझं. पण चुकलं ते न बोलण्यात. गाडीवर तीन बसवण्यात नाही. फोटो दाखव."

धर्मपालनं कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. मोटारसायकलवर तीन पोरं, मागं नंबरपाटी. खालानं चष्मा पुसला आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकली.

"माझ्या गाडीचा नंबर काय?"

"2080."

"अन् ह्या पाटीवर कोणत्या भाषेत लिहिलं आहे?"

धर्मपाल वाकला. पाटी मराठीतली होती, शौकिनानं लाल रंगात रंगवून घेतलेली. २०४०.

"हा आठ नाही, बाबू. हा मराठीतला चार आहे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली मी. तुम्ही चाराचा आठ केला, अन् माझी मय्यत ताटकळत ठेवली."

चौकीतले दोघंतिघं उठून बघायला आले. कोणीतरी "च्या मायले!" म्हणालं. धर्मपालचे कान लाल झाले.

"खरं आहे मावशी. पण मले इथून रद्द करता येत नाही. अर्ज वर जाईन, दहा-पंधरा दिवस लागतीन. तवरक एक करा, पैसे भरून गाडी घेऊन जा. नंतर वापस मागता येते."

"घ्या न खाला," रिजवान कुजबुजला. "मी भरतो. उद्या कोणी गेलं तं कशा जासान?"

"भरलं की कबूल केलं. कागद दे."

खालानं तिथंच अर्ज लिहिला. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. शेवटी तिनं लिहिलं की मी उत्तर दिलं नाही ही माझी चूक, पण गुन्हा मी केलेला नाही आणि मला तो मान्य नाही. "मान्य नाही"खाली दोन रेघा ओढल्या. पोचेचा शिक्का मिळेपर्यंत ती हलली नाही.

तिथून ती घरी न जाता एसटीनं लाडखेडला गेली आणि कहकशांच्या उंबऱ्याशी बसून तिची माफी मागितली. माझ्या ताठ्यापायी तुझ्या सासूला थांबावं लागलं, म्हणाली. चौकीत जी मान ताठ होती ती इथं वाकली, आणि वाकायची जागा हीच होती. कहकशांनं तिचे हात धरून तिला आत नेलं.

पुढं एकोणीस दिवस गेले. त्यात दोन बोलावणी आली. एकदा खाला एसटीत उभ्यानं गेली. एकदा फाट्यावरून चार किलोमीटर चालली, पण निघण्याआधी फोन करून बजावलं, "पायी येऊन राह्यली. पाणी उशिरा तापवा."

विसाव्या दिवशी चौकीतून फोन आला. चालान रद्द झालं होतं. धर्मपालनं किल्ली हातात दिली आणि अजिजीनं म्हणाला, "मावशी, पुढच्या टाइमले मेसेज आला की लगेच लिहून कळवा बरं."

"लिहीन," खाला स्कूटीवरची धूळ ओढणीनं झटकत म्हणाली. "पण तुम्ही बी आधी वाचत जा."