मनसारामचं हँडल

चिंचघाटच्या धिवरांत मनसारामसारखा जळका माणूस दुसरा नव्हता. लोकांचं सोडा, लोक काय कोणालाही नावं ठेवतात. त्याची लग्नाची बायको गिरजाच हे सांगायची. शेजारच्या लटारूच्या जाळ्यात मोठी मरळ आली की याला घरचं जेवण गोड लागत नसे. "त्याच्या जाळ्यात गेली तं तुमच्या ताटातली उठून गेली का?" असं ती विचारी आणि हा पाणी पिऊन उठे. बाकी माणूस मेहनती होता. डोंगा हाकायचा, जाळं टाकायचा, दारूच्या वाटेला सहसा जात नसे. पण कोणाचं बरं झालेलं एकदा डोळ्यात खुपलं, की ते काही केल्या निघत नसे.

त्याच्याजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. मोटारीचं हँडल.

ही गोष्ट बावन्न-त्रेपन्न सालची. वैनगंगेवर तिथे पूल नव्हता. चांद्याहून सुटलेली मोटार संध्याकाळी चिंचघाटला यायची, गडचिरोलीकडची माणसं डोंग्यात बसून पलीकडे जायची, आणि मोटार चिंचेखाली मुक्काम करून सकाळी परत चांद्याला निघायची. मोटार कसली, म्हातारं खटारं! तिचा सेल्फ कधीच मेलेला. बटन दाबलं की इंजिन चालू, हे सुख तिच्या नशिबी नव्हतं. समोरच्या जाळीखाली लोखंडी हँडल खुपसायचं आणि अंगच्या जोरानं इंजिन फिरवायचं. पौषातल्या थंडीत तर डायवर गुणवंतराव खाली उतरून आधी हात जोडत. तिथे मनसाराम लागे. अकरा वर्षं रोज सकाळी त्यानं ती मोटार जागी केली होती, एका कप चहावर आणि एका बिडीवर.

आणि हँडल मारणं म्हणजे नुसता जोर नव्हे, बरं का. इंजिनाच्या पोटात चार खोल्या. प्रत्येक खोलीत एक पिस्टन वरखाली करतो. पेट्रोलची वाफ आत आली की पिस्टन तिला वर दाबतो, दाबून दाबून माथ्याशी नेतो, आणि तिथे ठिणगी पडते. भडका उडतो, पिस्टन खाली हाणला जातो, चाक फिरतं. पण ठिणगी वेळेआधी पडली, पिस्टन अजून वाटेतच असला, तर भडका त्याला आल्या वाटेनं माघारी ढकलतो. इंजिन उलटं मारतं. आणि मग ते हँडल धरणाऱ्याच्या हातावर असं बसतं की विचारू नका. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. डायवरनं स्टेअरिंगच्या चाकाखालचा पितळी खटका मागे ओढायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. आणि हँडल मारणाऱ्यानं अंगठा चार बोटांच्या बाजूनंच ठेवायचा, दांड्याला वेढायचा नाही. मग हँडल उलटलं तरी हातातून निसटून जातं. वेढला, तर मनगट गेलं म्हणून समजा.

मनसाराम हे स्वतःच्या अंगठ्यावर शिकला होता. पहिल्याच वर्षी हात सुजून वांग्याएवढा झालेला. पण शिकला ते शिकला, दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल तर शपथ! हँडलला कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. मोटार सुरू झाली की ते पुसून सीटखाली ठेवायचं कामही तोच करी. आपण एक दिवस खाकी शर्ट घालून याच मोटारीचे क्लीनर होऊ, मग डायवर होऊ, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. गुणवंतरावांना दोनचारदा बोलूनही पाहिलं. ते म्हणत, "पाहू ना गा. जागा निघाली तं तुह्याशिवाय कोन हाय?"

त्या वर्षी पाऊस कमी झाला. सिंदेवाहीकडच्या तलावांच्या बुडाशी चिखल उरला. तिकडे दिलेली मनसारामची धाकटी बहीण मैना आपल्या नवऱ्याला, डोमाला, घेऊन नदीच्या मासळीवर चार महिने काढायला चिंचघाटला आली. मनसारामनं आपल्या झोपडीला लागून त्यांना कुडाची झोपडी बांधून दिली. बहिणीचा नवरा म्हणजे घरचा जवाई, मान ठेवायलाच हवा. "जवाईबापू, तुमी बसा, मी करतो," असं दिवसातून दहा वेळा म्हणायचं. तोंडानं म्हणायला काय जातं?

डोमा होताच मुळी लाघवी. गाणी म्हणायचा, पलीकडे जाणाऱ्या बायकांची पोरं कडेवर घेऊन उतरवायचा. पंधरा दिवसांत सगळा घाट "डोमाभाऊ, डोमाभाऊ" करायला लागला. मनसाराम जन्मापासून तिथलाच, त्याला कोणी कधी भाऊ म्हटलं नव्हतं. ते एक वेळ त्यानं गिळलं. पण एका सकाळी जे झालं ते काही त्याला गिळवेना.

मोटार सुरू झाली पण ठेचकाळायला लागली. इंजिन गुरगुरे, मध्येच गचका खाई. गुणवंतराव इंजिनावरचं झाकण उघडून डोकं खाजवत उभे. डोमा तिथेच बांबू घेऊन उभा होता. तलावातले धिवर बांबूचं एक टोक पाण्यात बुडवतात, दुसऱ्याला कान लावून मासळी कुठं हलते ते ऐकतात. यानं तोच बांबू इंजिनाला टेकवला आणि कान लावला. एकेका खोलीवर टेकवत गेला.

"डायवरसाहेब, पह्यली बोलून राह्यली, दुसरी बोलून राह्यली, चवथीबी बोलते. तिसरी चूप हाय."

गुणवंतराव हसले. पण तिसऱ्या खोलीचा प्लग काढून पाहतात तो काजळीनं पार भरलेला! ठिणगी पडणार कुठून? पुसून लावला, मोटार सरळ बोलायला लागली. गुणवंतरावांनी डोमाच्या पाठीवर थाप मारली. "अरे बापा! कान हाय का काय हाय तुहा! मनसाराम, पाह्यलं का? अकरा वर्षं झाली तुले, कधी समजलं का?"

मनसाराम हसला. घरी येऊन त्यानं ताट लोटलं.

"आता काय झालं?" गिरजानं विचारलं.

"काई नाई."

"डोमानं मोटार दुरुस्त केली म्हणते. मैना किती खूश हाय!"

"आयत्या बिळावर नागोबा!" तो ओरडला. "मी अकरा वर्षं हाडं झिजवाची आन् यानं बांबू टेकवून शाबासकी घ्याची!"

"तुमच्या बहिनीचंच घर भरते ना?"

"माह्या बहिनीचं भरू दे. पन माह्या हँडलवर काऊन?"

गिरजानं लोटलेलं ताट उचलून झाकून ठेवलं.

पुढच्याच हप्त्यात जागा निघाली. जुना क्लीनर नोकरी सोडून गेला. गुणवंतरावांनी डोळे चोरत मनसारामला सांगितलं, "मालक उद्या स्वतः येऊन राह्यले. मी डोमाचं नाव सांगतलं गा. ज्याले इंजिनाचं ऐकू येते असा मानूस मिळत नाई. तू वाईट नको मानू." मनसाराम म्हणाला, छे छे, आपलाच जवाई आहे, वाईट कसलं? आणि नदीवर जाऊन काही काम नसताना डोंगा तीनदा पलीकडे नेऊन आणला. डोमा मोठा व्हावा, मैनाला बरे दिवस यावेत, असं त्याला वाटावंसं वाटत होतं. वाटत मात्र नव्हतं. त्याला एवढंच वाटत होतं की तो खाकी शर्ट माझा आहे आणि हा उपरा तो अंगात घालणार आहे.

सकाळी मालक आले. गळ्याला मफलर, हातात चहाची बशी. गुणवंतरावांना आल्या आल्या झापलं, काल मोटार उशिरा का पोचली म्हणून. मग डोमाकडे वळले. "कान हाय म्हणते तुले. हँडल येते का?"

डोमानं जन्मात हँडल धरलं नव्हतं. मनसारामनं धरू दिलं असतं तेव्हा ना! पण रोज बघत होता, आणि समोर नोकरी उभी होती. "येते, मालक."

गुणवंतराव झापाझापीनं बावचळले होते. घाईघाईनं आपल्या जागेवर चढले आणि खटका मागे ओढायचा विसरले. मनसाराम डायवरच्या दाराशीच उभा होता. खटका काल मोटार चालताना होता तसाच पुढे होता, त्याला स्वच्छ दिसला. मग त्यानं डोमाकडे पाहिलं. डोमानं हँडल डोंग्याचा बांबू धरावा तसं धरलं होतं. अंगठा दांड्याला घट्ट वेढलेला.

दोन पावलांवर जवाई होता. 'अंगठा काढा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मनसारामच्या ओठापर्यंत आलं. मग त्याच्या मनानं म्हटलं, चार लोकांत जवायाला शिकवायचं नसतं. मालकासमोर त्याचा पाणउतारा होईल. हे खरंच होतं, त्यांच्यात जवायाची चूक चारचौघांत कोणी काढत नसे. मनसाराम त्या रीतीला असा चिकटला की जन्मभर कधी कुठल्या रीतीला चिकटला नव्हता.

डोमानं हिसका दिला. इंजिनानं उलटं मारलं. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि डोमा खाली बसला. नुसता हाताकडे बघत राहिला.

मैना घाटावरून धावत आली. लोक म्हणाले, पलीकडे कोलू म्हणून एक हाड बसवणारा आहे, त्याच्याकडे न्या. मालकांनी घड्याळ पाहिलं. "मोटार कोन चालू करते आता?" मनसारामनं गुणवंतरावांना खटका मागे घ्यायला सांगितलं, हँडल उचललं, आणि पहिल्याच फेरीत इंजिन लागलं. "याले घ्या," मालक म्हणाले. मैना नवऱ्याला डोंग्यात बसवत होती तेव्हा तिचा भाऊ मोटारीत चढत होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मोटार सुटायची वेळ झाली होती, असं तो पुढे सांगत असे.

खाकी शर्ट मिळाला. वाटेवरचं मूल गाव, चांदा, सगळीकडे लोक त्याला ओळखायला लागले. दहा महिन्यांनी भाऊबीजेला तो मैनाकडे सिंदेवाहीला गेला, तोच शर्ट घालून, हातात लुगडं घेऊन. डोमा ओसरीवर बसला होता. मनगट वाकडं बसलेलं, मूठ मिटत नव्हती. जाळं फेकणं संपलं होतं. मैना लोकांच्या धानाच्या शेतांत, बांध्यांत, मजुरीला जाई, त्यावर घर चाले.

"भाऊ, एक इचारू का?" डोमा म्हणाला. "माही चूक काय झाली होती? ते काई मले आजवर समजलं नाई."

मनसाराम खोटं बोलू शकला असता. पण कोण जाणे कसं, खरंच निघालं. "अंगठा. अंगठा वेढाचा नसते. आन् खटका पुढं राह्यला होता."

"तुमाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं." मनसाराम खाली बघून म्हणाला. "पन चार लोकांत जवायाले काऊन शिकवाव, म्हणून चूप राह्यलो."

"ते बी खरं हाय." डोमाच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरंच आठवून पाहत होता. "पन भाऊ, हँडल धरल्यावर मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलं होतं. म्हटलं, भाऊनं जरासी मान हालवली तरी हात काढून घेऊ."

"मंग?"

"तुमी हसून राह्यले होते. मी समजलो, जमलं."

आपण तेव्हा हसलो होतो, हे मनसारामला आजवर ठाऊकच नव्हतं.

मैना ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ताट खाली ठेवलं. मग पाट मांडला, भावाला बसवलं, कुंकू लावलं, कपाळाला तांदूळ चिकटवले. निरांजन त्याच्या तोंडासमोर धरून ती म्हणाली,

"हसू नको, दादा."